बदलून घेता का?

आमच्या भाऊजींना इंटरनेटवर लोक 'वरातीमागून घोडं' म्हणतात. तोंडावर म्हणायची कुणाची हिंमत नाही, व्हिडिओखाली लिहितात. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. भाऊजींनी मात्र शांतपणे माझ्या हातातून फोन घेतला, वाचलं आणि म्हणाले, "खोटं काय आहे वहिनी? उशीर तर होतोच मला." मी म्हटलं, "स्वतःची वरात निघायचा पत्ता नाही, आणि दुसऱ्यांच्या वरातींमागे कशाला धावता?" यावर ते हसले आणि डबा घेऊन कामाला गेले. भाऊजींना चिडवायचा हक्क फक्त माझा आहे. बाहेरच्यांनी त्या वाटेला जायचं नाही.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. बसडेपोसमोर चष्म्याचं एक चिंचोळं दुकान आहे, तिथे फ्रेम बसवायचं काम करतात. पुढे काचेची कपाटं आणि आरसे, मागे एक फळी. फळीवर गरम हवेचं यंत्र, सुईएवढे स्क्रू-ड्रायव्हर आणि बाटल्यांच्या झाकणांत ठेवलेले स्क्रू. त्या दुकानाची एक रीत आहे. चष्मा नेला त्या दिवशी तो कसा वाटतो हे गिऱ्हाइकाला विचारायचंच नाही. त्या दिवशी सगळ्यांना छानच वाटतो. आठवड्याने परत बोलवायचं, चष्मा काढायला लावायचा आणि कानामागे, नाकाच्या कडेला वळ उठलाय का ते बघायचं. "गिऱ्हाईक भिडस्त असतं, कान नसतो," असं त्यांचे मालक म्हणतात. भाऊजी ही रीत तिथे शिकले आणि घरी घेऊन आले. आता माझ्या नव्या चपलासुद्धा आठवड्याने तपासल्या जातात.

घरी ते काय करतात हे समजायला मलाच वेळ लागला, म्हणून नीट सांगते. हातात धरून गेम खेळायचे छोटे कॉम्प्युटर असतात. मधे पडदा, दोन्हीकडे बटणं, आणि अंगठ्याने फिरवायचा एकेक खुंट. त्याला जॉयस्टिक म्हणतात. मोठ्या कंपन्याही ते बनवतात, पण भाऊजींचा जीव छोट्या कंपन्यांच्या यंत्रांवर. या कंपन्यांकडे भांडवल नसतं. त्या आधी चित्रं दाखवतात, लोकांकडून वर्गणी गोळा करतात आणि मग यंत्र बनवायला बसतात. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, तसला प्रकार. लोकांनी वर्गणी का भरावी? तर रिव्ह्यू बघून. आणि यंत्र अजून बनलंच नाही तर रिव्ह्यू कशाचा? तर कंपनीने रिव्ह्यू करणाऱ्यांना एकेक नमुना पाठवलेला असतो, त्याचा.

खरी मेख इथे आहे. नमुन्यात खोट सापडली तर रिव्ह्यूवाले म्हणतात, "नमुनाच आहे, सुधारतील." मग कधीतरी लोकांच्या घरी खरा माल येतो. त्याचं बटण अडकतं, पाठ तापते. पण तोवर रिव्ह्यूवाल्यांच्या टेबलावर पुढच्या यंत्राचा नमुना आलेला असतो, जुन्याकडे कोण बघतंय? म्हणजे नमुना होता तेव्हा दोष माफ, आणि माल आला तेव्हा विषय शिळा. सगळे गोड बोलतात, कुणी खोटंही बोलत नाही, आणि वर्गणी भरणारा हात चोळत बसतो. मला याचा भयंकर राग येतो. भाऊजींना येत नाही. ते फक्त थांबतात.

माल लोकांच्या घरी पोचेपर्यंत थांबतात, मग वर्गणी भरलेल्या एखाद्याकडून त्याचं यंत्र काही आठवडे मागून घेतात. तोवर त्या बिचाऱ्याने काय खेळायचं? म्हणून त्याला आपल्याकडचं एखादं यंत्र देतात. अशी ती अदलाबदलीची पद्धत पडली. आमच्या बैठकीच्या खोलीत अनोळखी माणसं येतात, चहा घेतात, यंत्र बदलून जातात. ना कागद, ना सही. सगळा कारभार विश्वासावर.

यंत्र आलं की ते घरातल्या प्रत्येकाच्या हातून जातं. मी कामावर जाताना बसमध्ये खेळते. आमचे हे सोफ्यावर आडवे होऊन खेळतात आणि यंत्र नाकावर पडलं की ते किती जड आहे याचा निकाल लागतो. सासूबाई पत्त्यांचा एकटीने खेळायचा डाव लावतात. त्यांच्याइतका वेळ घरात कुणी खेळत नाही, आणि त्यांच्याइतकं कडक कुणी बोलत नाही. आठवडा झाला की भाऊजी आम्हा सगळ्यांचे तळहात उजेडात धरून बघतात. वळ कुठे उठला, अंगठा कुठे हुळहुळतो. मग त्यांचा व्हिडिओ येतो. तो बघायला मोजकीच माणसं, कारण ज्याला यंत्र घ्यायचं होतं त्याने ते कधीच घेतलेलं असतं.

आणि मग गेल्या वर्षी एका कंपनीतून भाऊजींना फोन आला. त्या दिवशी सुट्टी होती, सगळे घरात होतो. भाऊजींनी फोन स्पीकरवर टाकला. पलीकडचा माणूस साखर पेरत बोलत होता. म्हणाला, "तुमचं काम आम्हाला आवडतं. आमच्या यंत्राची पहिली वर्गणी झाली, तो माल लोकांकडे जायला लागलाय. आता दुसरी वर्गणी उघडतोय. त्या दिवशी सकाळी सगळ्या मोठ्या लोकांचे रिव्ह्यू एकदम येतील. त्यांच्यात तुमचाही हवा. नमुना पाठवतो."

भाऊजींचे कान लाल झाले. इतकी वर्षं ज्यांचे व्हिडिओ बघत आले त्यांच्या पंगतीला पान मांडून मिळत होतं. तरी त्यांनी विचारलंच, "तुम्ही पाठवाल तो आणि लोकांना गेलाय तो, एकच ना?"

"अगदी एकच."

"मग मी तो एखाद्या वर्गणीदाराशी बदलून घेतला तर चालेल?"

तो माणूस हसला. "खुशाल बदला. एकाच कारखान्यातला माल आहे."

नमुना आला. काळा, गुळगुळीत, हातात धरला की सोडवत नव्हता. सासूबाईंनी त्याच्यावर डाव लावला आणि जेवायला हाका मारल्या तरी उठल्या नाहीत. म्हणाल्या, "हा माझं ऐकतो. या घरात असं पहिल्यांदाच कुणीतरी आलंय." मी खूश झाले. म्हटलं, चला, आता सरळ या यंत्राचा रिव्ह्यू होईल, ठरल्या सकाळी येईल, आणि घोडं म्हणणाऱ्यांची तोंडं बंद होतील.

कसलं काय. चार दिवसांत भाऊजींनी तो नमुना बदलून टाकला. डेपोतली एक बस चालवणारी बाई त्यांच्या दुकानाची गिऱ्हाईक होती. तिने पहिल्या वर्गणीत पैसे भरले होते आणि तिचा माल नुकताच आला होता. दोन फेऱ्यांच्या मधे, डेपोच्या बाकावर बसून खेळायची. तिचं यंत्र आमच्याकडे आलं, आमचा नमुना तिच्याकडे गेला.

मी भाऊजींना धारेवर धरलं. "दोन्ही एकच आहेत म्हणतात ना? मग हातात आलेल्याबद्दल बोला की. शितावरून भाताची परीक्षा होते."

"होते ना वहिनी," भाऊजी म्हणाले. "पण शीत त्याच पातेल्यातलं हवं. पाहुण्यासाठी वेगळं शिजवलेलं असलं तर?"

"आणि तारीख?"

"तारीख चुकेल."

मी पुढचे दोन दिवस त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. मला आजही वाटतं की माझं चुकलं नव्हतं. पंगतीला बोलावणं रोज येत नाही.

ड्रायव्हरबाईंचं यंत्र दिसायला हुबेहूब होतं. सासूबाईंनी ते हातात घेतलं, एक डाव लावला आणि खाली ठेवलं. "हा तो नव्हे."

"आई, तसाच दुसरा आहे," भाऊजी म्हणाले.

"मग सावत्र भाऊ असेल. माझी राणी आपली आपण चालायला लागते. मी बोटही लावलं नाही."

खरंच होतं. डावीकडचा खुंट सोडून दिला तरी पत्ता हळूहळू एका बाजूला सरकत राही. बसमध्ये मला यंत्राची पाठ इतकी गरम लागली की खाली रुमाल धरून खेळावं लागलं. ह्यांचं नाक तेवढं सुखरूप राहिलं, कारण त्यांनी कंटाळून ते बाजूलाच ठेवलं.

ठरलेली सकाळ आली. मोठ्यांचे सगळे रिव्ह्यू एकदम आले, आणि सगळे त्या खुंटाचं कौतुक करत होते. त्यांच्या बाजूने खरंच होतं ते, सासूबाईंनीही तेच म्हटलं होतं. आमच्याकडून काहीच आलं नाही. कंपनीच्या साखरपेऱ्या माणसाने 'तुमच्याकडून निराशा झाली' एवढाच निरोप पाठवला. जुन्या व्हिडिओखाली कुणीतरी लिहिलं, 'घोडं या वेळी तबेल्यातच राहिलं वाटतं.' मी म्हटलं, "आता तरी बोला, की हे यंत्र वाईट आहे." भाऊजी म्हणाले, "एखादाच वाईट निघाला असेल. एका बाईच्या नशिबावरून कंपनीला शिव्या कशा देऊ?"

अदलाबदलीची मुदत संपली तशी ड्रायव्हरबाई घरी आल्या. खाकी गणवेशातच होत्या, खांद्याला पिशवी. चहा झाला. डेपोतल्या गमती झाल्या. भाऊजींनी त्यांचं यंत्र पुसून टेबलावर ठेवलं होतं. बाई त्याच्याकडे बघत, पण पिशवीला हात लावेनात. सासूबाईंनी दुसऱ्यांदा चहा टाकायला सांगितला, तोही झाला.

शेवटी बाई म्हणाल्या, "एक विचारू का, दादा? हाच मला राहू दिला तर? तो माझा तुम्ही ठेवा."

"का हो? दोन्ही एकच आहेत," भाऊजी म्हणाले.

"कुणी सांगितलं?" असं म्हणून त्यांनी पिशवी छातीशी धरली.

भाऊजी पुढे झुकून त्या पिशवीकडे बघू लागले. चष्मा काढून घेतल्यावर कानामागे वळ दिसला की ते असेच झुकतात, मी दुकानात पाहिलंय. मग म्हणाले, "ताई, हा अजून थोड्या लोकांकडे फिरवू द्याल का? प्रत्येकाला फक्त एकच विचारायचं. तुमचा परत हवा का?"

तर असा तो नमुना घरोघर फिरला. एका बेकरीवाल्याकडे गेला, एका नर्सकडे, मग एका शाळामास्तरांकडे. सगळे पहिल्या वर्गणीतले. प्रत्येकाचं स्वतःचं यंत्र तेवढे दिवस आमच्याकडे. आमच्या टेबलावर सारख्या चेहऱ्याची यंत्रं एकामागून एक येत गेली आणि सासूबाई एकेकावर डाव लावून "हाही सावत्र" म्हणत बाजूला सारू लागल्या. नमुना परत द्यायची वेळ आली की प्रत्येकाची तीच गत. नर्सबाई म्हणाल्या, "आत्ता नेताय?" बेकरीवाल्याने पिठाने माखलेले हात मागे लपवले, जणू नमुना तिथेच आहे. मास्तर मात्र मास्तरच. त्यांनी स्वतःहून परत दिला आणि म्हणाले, "देतो, पण माझा नेण्याची घाई नाही."

भाऊजींनी या सगळ्याचा व्हिडिओ केला. त्यात आकडे नाहीत, आलेख नाहीत, त्यांचं स्वतःचं मतही नाही. नुसती माणसं आणि एक प्रश्न. ज्याच्या घरी चित्रीकरण झालं त्याच्या घरातले आवाज तसेच. बघून मला हसू आलं. इतका सरळ माणूस आपल्या घरात जेवतो, याचा मला त्या दिवशी अभिमान वाटला आणि मी तसं ह्यांना बोलूनही दाखवलं. भाऊजींना नाही सांगितलं. लगेच डोक्यावर बसतात.

कंपनीचा फोन आला तेव्हा साखर संपली होती. "तुम्ही आमच्या नमुन्याचा गैरवापर केलात."

"तुम्हीच म्हणालात खुशाल बदला. मी बदलला," भाऊजी म्हणाले. "आता लोक परत बदलायला तयार नाहीत. यात मी काय केलं?"

दुसऱ्या दिवशी कंपनीने जाहीर लिहिलं की काही रिव्ह्यूवाले तारीख पाळत नाहीत, लोकांची वापरून खराब झालेली यंत्रं गोळा करतात आणि बदनामी करतात. झालं. लोक तुटून पडले. पंगतीत जागा मिळाली नाही म्हणून ताट लाथाडतोय, असं लिहिलं. बेकरीवाल्याच्या शेजाऱ्याने आपलं यंत्र द्यायचं कबूल केलं होतं, त्यानेही नाही म्हणून कळवलं. ते वाचून भाऊजी जेवता जेवता थांबले.

"घोडं म्हणू देत, गाढव म्हणू देत," ते म्हणाले. "पण माझ्याकडे यंत्र दिलं की खराब करतो, असं एकदा नाव झालं ना वहिनी, तर उंबऱ्याशी कुणी येणार नाही. मग मी कशाचं सांगणार आणि कुणाला?"

त्यांच्याकडे दुसरं भांडवल नव्हतंच. अनोळखी माणसं त्यांच्या हातात आपली वस्तू विश्वासाने ठेवतात, एवढाच त्यांचा व्याप, आणि तोच आता बुडायला आला होता.

उत्तर सुचलं ते ड्रायव्हरबाईंना. सगळ्यात मोठ्या रिव्ह्यूवाल्याच्या व्हिडिओखाली त्यांनी लिहिलं: 'माझ्याकडे हेच यंत्र आहे, वर्गणी भरून घेतलेलं. तुमचा नमुना माझ्याशी बदलून घेता का?'

बस्स, एवढंच. खाली नर्सबाईंनी लिहिलं, 'माझ्याशी बदलून घेता का?' मग मास्तरांनी. मग आमच्या ओळखीबाहेरच्यांनीही. ज्याच्या-त्याच्या व्हिडिओखाली पहिल्या वर्गणीतली माणसं येऊन तेवढंच विचारू लागली. ना भांडण, ना शिवीगाळ. बदलून घेता का? काहींनी तो प्रश्न पुसून टाकला. काहींनी गंमत केली. पण त्या सगळ्यात मोठ्या रिव्ह्यूवाल्याने, मी त्याला याचे पूर्ण गुण देते, एका वर्गणीदाराला घरी बोलवून खरंच बदलून घेतला. काही दिवसांनी त्याने नवा व्हिडिओ टाकला. दोन्ही यंत्रं समोर ठेवली होती. म्हणाला, "मला माझा परत हवा आहे. आणि मला वाटतं, माझा आधीचा रिव्ह्यू तुम्ही विसरावा."

मग चक्रं फिरली. कंपनीने कबूल केलं की नमुन्यांत बसवलेले खुंट वेगळ्या कारखान्याचे, जास्त चांगले होते, आणि आतली हवा खेळायची सोयही हाताने नीट करून दिली होती. दुसरी वर्गणी थांबवली. पहिल्या वर्गणीतल्या सगळ्यांची यंत्रं परत मागवून दुरुस्त करून द्यायचं ठरलं. त्या भल्या मोठ्या निवेदनात आमच्या भाऊजींचं नाव कुठेही नव्हतं. मी चष्मा लावून दोनदा शोधलं. "निदान आभार तरी मानायचे," मी म्हटलं. भाऊजी म्हणाले, "खुंट बदलतायत ना? मग आणखी काय हवंय."

कंपनीने नमुना तेवढा परत मागवला. भाऊजी म्हणाले, ड्रायव्हरबाईंचं यंत्र दुरुस्त होऊन येऊ द्या, मग लगेच पाठवतो.

ते आलं. बाई एका दुपारी, दोन फेऱ्यांच्या मधे, ते घेऊन घरी आल्या. नमुना आणि त्यांचं यंत्र टेबलावर शेजारी शेजारी ठेवलं. सासूबाईंनी एकावर डाव लावला, मग दुसऱ्यावर. राणी जागची हलली नाही. मी दोन्हींच्या पाठीला हात लावून बघितला. सासूबाईंनी पुन्हा पहिलं घेतलं, पुन्हा दुसरं, आणि चिडून म्हणाल्या, "आता माझा गोंधळ झाला. तो कुठला होता?"

तेवढ्यात बाईंनी घड्याळ बघितलं, फेरीची वेळ झाली होती. चहाचा शेवटचा घोट घेतला, हाताला आलं ते यंत्र उचलून पिशवीत टाकलं आणि जिना उतरून गेल्या.

भाऊजींनी उरलेलं यंत्र पालथं करून मागचा नंबर बघितला. ते ड्रायव्हरबाईंचं निघालं. नमुना त्याच घेऊन गेल्या होत्या. भाऊजींनी लगेच फोन लावला.

"ताई, अदलाबदल झाली. तुमचा इथेच राहिला."

पलीकडून बसचं इंजिन सुरू झाल्याचा आवाज येत होता. "असू दे हो, दादा," बाई म्हणाल्या. "कुठला का असेना. आता काय फरक पडतो?"

भाऊजींनी फोन खाली ठेवला. मी बघितलं, त्यांचे कान लाल झाले होते. "वहिनी," ते म्हणाले, "झाला रिव्ह्यू."

नमुना कंपनीचा, तो कंपनीलाच जायला हवा, म्हणून दुसऱ्या दिवशी डेपोत जाऊन, बसच्या खिडकीतून त्यांनी तो बदलून आणला. तसं नसतं केलं तर ते भाऊजी कसले. बाईंची परवानगी घेऊन त्यांनी फोनवरची तीच वाक्यं त्यांच्याकडून पुन्हा वदवून घेतली आणि तेवढाच व्हिडिओ टाकला. त्यांचा आजवरचा सगळ्यात छोटा, आणि अर्थातच सगळ्यांच्या नंतर आलेला.

आता कुठल्याही कंपनीची वर्गणी उघडली की रिव्ह्यूंखाली लोक लिहितात, 'थांबा, घोडं येऊ दे.' पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी सवयीने भडकले. मग पुन्हा वाचलं. मग भाऊजींच्या दुकानात जाऊन, गिऱ्हाइकांच्या समोर, मोठ्याने वाचून दाखवलं.